गोधडी तिकडे, पैसेही तिकडे

सुमनकाकूंनी शिवलेली गोधडी २०२३ च्या पावसाळ्यात फलटणहून अमेरिकेतल्या ओहायो राज्यात गेली. बारा दिवसांत पोचली. पोस्टाच्या ट्रॅकिंगवर पोचल्याची तारीख आणि वेळ दोन्ही आहेत. किंमत टपालखर्चासकट ११० डॉलर. काकूंचे साडेतीन हजार रुपये मी गोधडी हातात घेतानाच दिले होते. उधारीवर गोधड्या उचलणारा माणूस आमच्या आळीत फार दिवस टिकत नाही.

नऊ दिवसांनी तिकडच्या बाईंचा मेसेज आला. कापड वापरलेलं आहे आणि एका कोपऱ्यात डाग आहेत, असं त्यांचं म्हणणं. आता गोधडी जुन्या लुगड्यांचीच असते, आणि विक्रीच्या पानावर मी पहिल्याच ओळीत तसं लिहिलं होतं. तरी वाद नको म्हणून कळवलं, आवडली नसेल तर परत पाठवा, टपालखर्च मी देतो, पैसे पूर्ण परत करतो. उत्तर आलं नाही. मला वाटलं, मिटलं.

दोन महिन्यांनी पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीची ईमेल आली. ग्राहकाने तिच्या बँकेकडे तक्रार केली आहे, ११० डॉलर तुमच्या खात्यातून काढून घेतले आहेत, शिवाय तक्रारीचं शुल्क १५ डॉलर. बाजू मांडायची असेल तर सात दिवसांत पुरावे द्या.

मी फोटो दिले, ट्रॅकिंग दिलं, पानावरच्या वर्णनाचा स्क्रीनशॉट दिला, माझा मेसेज दिला. महिन्याभराने एका ओळीत निकाल आला: ग्राहकाच्या बँकेने ग्राहकाच्या बाजूने निर्णय दिला आहे. गोधडी तिकडे, पैसेही तिकडे.

काकूंना कोपऱ्याचा फोटो दाखवला. त्यांनी मोबाईल हातभर लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, "डाग न्हाई त्यो. लुगड्याचा रंग उतारलाय."

या प्रकाराला चार्जबॅक म्हणतात. ऑनलाइन काही विकत असाल तर हा शब्द तुमच्या ओळखीचा असेल आणि बहुधा नावडताही. चिडून मी त्याचा इतिहास शोधायला बसलो. हा नियम कुणीतरी मोठ्या कंपन्यांच्या सोयीसाठी आणला असणार, अशी माझी खात्री होती. ती चुकीची निघाली, आणि त्यामुळेच हे लिहावंसं वाटलं.

*

आधी एक कबुली. २०१८ साली माझ्या कार्डावरून कुणीतरी चौदा हजारांची खरेदी केली होती. रात्री मेसेज आला, मी त्याच रात्री बँकेला कळवलं, आणि पैसे परत मिळाले. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं होतं की चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर एका रुपयाचाही भार टाकायचा नाही. तेव्हा मी हा नियम करणाऱ्यांना मनातल्या मनात हात जोडले होते. दुकानाच्या गल्ल्याकडून तोच मुलूख पाहायची वेळ पाच वर्षांनी आली.

*

वस्तू आणि पैसे एकाच क्षणी हातोहात बदलले तर भांडणाला फारशी जागा उरत नाही. मंडईत भाजी पिशवीत पडते, नोट हातात पडते. अंतर आलं की कुणीतरी आधी हात सोडावा लागतो आणि कुणीतरी जोखीम घ्यावी लागते. ती कुणी घ्यायची, याची आपल्याकडची एक जुनी पद्धत मला फार आवडते.

हुंडी तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचली असेल. तिचे दर्शनी, मुदती, शाहजोग असे प्रकार होते. त्यातला एक प्रकार जोखमी हुंडी. समजा, काठेवाडातल्या बंदरातून एक व्यापारी मुंबईला कापूस पाठवतोय. गलबत निघालं की तो मुंबईच्या गिऱ्हाइकावर हुंडी लिही आणि ती गावातल्याच सराफाला विकून लगेच रोकड घेई. हुंडीत अट असे की माल सुखरूप पोचला तरच पैसे द्यायचे. गलबत बुडालं तर सराफाचे पैसेही बुडाले. सराफाला हे आधीच माहीत असे, म्हणून तो हुंडी कमी भावाने घेई. त्या कमी भावातच विम्याचा हप्ता आला. जोखीम कुणाची, हे गलबत हाकारण्याआधी ठरलेलं असे आणि तिची किंमतही मोजलेली असे.

दुसरी पद्धत माझ्या घरात होती. माझे आजोबा दंतमंजन आणि केसांचं तेल व्ही.पी.ने पाठवत. व्ही.पी. म्हणजे व्हॅल्यू पेएबल पोस्ट. भारतीय टपाल खात्याने ही सेवा १८७७ मध्ये सुरू केली, आणि आजच्या 'कॅश ऑन डिलिव्हरी'ची ती सख्खी आजी. पोस्टमन पार्सल दारात आणणार, गिऱ्हाईक पैसे देणार, मगच पार्सल हातात, आणि पोस्ट ते पैसे मनिऑर्डरने विक्रेत्याला पाठवणार. मराठी मासिकांच्या मागच्या पानांवरच्या जाहिराती, पुस्तकं, औषधं, शिवणकामाचे नमुने, यातलं बरंच काही या दोन अक्षरांवर चाले.

आजोबांच्या जुन्या वहीत शेवटचा रकाना 'परत' असा आहे. त्यात बारीक फुल्या. गिऱ्हाइकाने कार्ड टाकून मागवलं, पार्सल दारात आल्यावर 'नको' म्हणालं. पार्सल 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन माघारी. आजोबांचं नुकसान जाण्याच्या टपालखर्चाचं आणि मनस्तापाचं. पण बाटली माघारी यायची, हे महत्त्वाचं.

फसवणूक दुसऱ्या बाजूनेही होई. गिऱ्हाइकाला पैसे देईपर्यंत पार्सल उघडता येत नसे, त्यामुळे आत काय भरलंय हा विश्वासाचा मामला. आणि काही चलाख लोक मागणी नसतानाच पार्सलं पाठवत असणार, त्याशिवाय कायद्यात तशी तरतूद कशाला येईल? १८९८ च्या टपाल कायद्याच्या ३५ व्या कलमात तिची सोय होती. माल खऱ्याखुऱ्या मागणीनुसार पाठवत आहोत असं विक्रेत्याने लिहून द्यावं, आणि फसवणूक असेल तर वसूल केलेली रक्कम पोस्टाने रोखून धरावी आणि गिऱ्हाइकाला परत करावी, असे नियम सरकारला करता येत. हे वाचून मी हसलो. चार्जबॅक म्हणजे अमेरिकन खूळ असं मी समजत होतो, आणि त्याचा एक पूर्वज आमच्याच पोस्टाच्या कायद्यात बसला होता. फरक इतकाच की इथे निवाडा पोस्टाचा. पोस्ट ना गिऱ्हाइकाचं, ना आजोबांचं.

*

आता अमेरिका. पण त्याआधी दोन मिनिटं लंडनला थांबावं लागेल.

डिसेंबर १७५६ मध्ये इंग्लंडमध्ये टपाल लुटलं गेलं. त्यात बँक ऑफ इंग्लंडची २१ पौंड १० शिलिंगची एक नोट होती. दुसऱ्याच दिवशी ती नोट मिलर नावाच्या खाणावळवाल्याकडे आली. त्याला चोरीची कल्पना नव्हती, त्याने रीतसर मोबदला देऊन ती घेतली होती. तो बँकेत गेला, तर बँकेने मूळ मालकाच्या सांगण्यावरून पैसे द्यायला नकार दिला. खटला झाला आणि १७५८ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी मिलरच्या बाजूने निकाल दिला. नोट म्हणजे पैसा. प्रामाणिकपणे घेणाऱ्याच्या हातात पैसा आला की तो कुठून आला, हे उकरत बसायचं नाही. तसं केलं तर व्यापारच ठप्प होईल.

हाच विचार पुढे कर्जाच्या कागदांनाही लागू झाला, आणि विसाव्या शतकातल्या अमेरिकेत त्याची भलतीच फळं आली. हप्त्यावर फ्रीज विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाकडून कर्जाचा कागद सही करून घेई आणि तो लगेच एखाद्या फायनान्स कंपनीला विकून टाके. फ्रीज आठवड्यात बंद पडला, दुकानदार हात वर करून मोकळा. गिऱ्हाईक म्हणे, मग मी हप्ते भरणार नाही. फायनान्स कंपनी म्हणे, फ्रीजचं आम्हाला काय? आम्ही तर कागद प्रामाणिकपणे विकत घेतलाय. कायदा कंपनीच्या बाजूने उभा राही. यात पिचले जात ते गरीब वस्त्यांमधले लोक, ज्यांना रोखीने काहीच घेता येत नसे.

त्याच काळात कार्डं आली. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात ६०,००० लोकांना न मागता टपालाने क्रेडिट कार्डं पाठवली. त्याचंच पुढे १९७६ मध्ये 'व्हिसा' झालं. या गोष्टीतला एक भाग सहसा सांगितला जात नाही: ही कल्पना छोट्या दुकानदारांना आवडली होती. मोठ्या डिपार्टमेंट स्टोअर्सकडे स्वतःची खाती, कारकून, वसुलीची माणसं होती. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे होती फक्त उधारीची वही. बँक म्हणाली, वही आम्हाला द्या, पैसे आम्ही लगेच देतो, वसुली आमच्याकडे. आपल्याकडे 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी लावून दमलेल्या कुणाही वाण्याने हा सौदा आनंदाने केला असता.

सुरुवात मात्र वाईट झाली. कार्डांच्या चोऱ्या झाल्या, बनावट खरेद्या झाल्या. चार टक्के लोक पैसे थकवतील असा अंदाज होता, थकवणारे निघाले बावीस टक्के. तरी बँकांनी धडा घेतला नाही. १९६६ च्या नाताळाआधी शिकागोच्या बँकांनी तोच प्रयोग कित्येक पट मोठा करून पाहिला. कार्डं पत्रपेट्यांमधून चोरीला गेली आणि बिलं कार्ड न मागणाऱ्यांच्या नावावर फाटली. संगणकाने छापलेलं बिल चुकीचं आहे हे कुणाला सांगायचं, हा प्रश्न तेव्हा नवा होता. पत्र लिहिलं तर उत्तर नाही, पैसे रोखले तर व्याज चढणार आणि बाजारात पत जाणार.

यातून कायदे झाले. १९७० मध्ये न मागता कार्ड पाठवायला बंदी आली, आणि चोरीला गेलेल्या कार्डाचा भार ग्राहकावर जास्तीत जास्त ५० डॉलर, असं ठरलं. १९७४ मध्ये 'फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्ट' आला, जो वर्षभराने लागू झाला. बिल आल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रार करा, बँकेने ३० दिवसांत पोच द्यावी, ९० दिवसांच्या आत निकाल लावावा, आणि तोवर वादातली रक्कम मागू नये. पुढे मे १९७६ पासून फायनान्स कंपन्यांची ती 'फ्रीजचं आम्हाला काय' ही पळवाटही सरकारी नियमाने बंद झाली. दोनशे वर्षं पैसा मागे वळून बघत नव्हता, तो आता बघायला लागला.

मी या सगळ्यात दोषी शोधत होतो. पण १९७४ साली मी तिथे असतो तर या कायद्याच्या बाजूने मोर्चात गेलो असतो.

*

या कायद्यातली एक बारीक तरतूद माझ्या गोधडीशी थेट बोलते.

त्यात तक्रारींचे दोन वेगळे रस्ते आहेत. बिलच चुकलं, किंवा माल पोचलाच नाही, तर एक रस्ता. माल पोचला, पण दर्जा वाईट निघाला, तर दुसरा. या दुसऱ्या रस्त्यावर अटी आहेत. आधी दुकानदाराशी प्रामाणिकपणे मिटवायचा प्रयत्न करायला हवा, रक्कम ५० डॉलरपेक्षा जास्त हवी, आणि खरेदी ग्राहकाच्या स्वतःच्या राज्यात किंवा घरापासून १०० मैलांच्या आत झालेली हवी.

शंभर मैल म्हणजे साधारण १६० किलोमीटर. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कसलं दुकान होतं, ते या आकड्यातून कळतं. मोटारीने जाऊन ज्याच्याशी भांडून येता येईल असं. फलटण ते ओहायो हे अंतर तेरा हजार किलोमीटरच्या आसपास आहे.

मग त्या बाईंची तक्रार चालली कशी? कारण कायदा बोलतो ग्राहक आणि त्याच्या बँकेबद्दल. दुकानदाराच्या खात्यातून पैसे मागे कसे खेचायचे, हे ठरवतात कार्ड-नेटवर्कचे स्वतःचे नियम, आणि त्या नियमांना मैलांचं कुंपण नाही. तक्रारीची मुदत तिथे बहुतेक वेळा १२० दिवसांची असते. ही सवलत नेटवर्कांनी उदारपणे दिली, असं म्हणता येईल. मला वाटतं, ती धंद्याची गरज होती. अनोळखी माणसाला अनोळखी देशात कार्डाचा नंबर टाईप करायला लावायचं, तर 'काही झालं तर पैसे परत' हे वचन हवंच. त्या वचनावर ऑनलाइन बाजार उभा राहिला. माझी गोधडी ओहायोत विकली गेली तीही त्याच वचनावर, हे मान्य करायला हवं. फलटणच्या अनोळखी पोरावर त्या बाईंनी विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी कार्डावर ठेवला होता.

प्रश्न एवढाच, वचन नेटवर्कचं आणि ते पाळायचा खर्च कुणाचा?

इथे जुना समतोल मोडतो. व्ही.पी.मध्ये गिऱ्हाईक फसलं तर त्याचे पैसे जात, आजोबा फसले तर टपालखर्च. पण वस्तू आणि पैसे दोन्ही एकाच माणसाच्या हातात राहण्याची सोय त्या व्यवस्थेत जवळपास नव्हती. चार्जबॅकमध्ये ती आहे. वर्णनाबरहुकूम माल नाही अशी तक्रार असेल, तर नेटवर्कचे नियमही म्हणतात की ग्राहकाने माल परत करावा किंवा तसा प्रयत्न तरी करावा. अडचण त्या 'प्रयत्न' शब्दात आहे. बाईंनी बँकेला सांगितलं, प्रयत्न केला. माझ्या मेसेजला उत्तर न देणं हा प्रयत्न कसा, हे विचारायची मला सोय नव्हती. आणि ठरवणारी पहिली बँक कुणाची, तर त्यांचीच. त्यापुढे लवादाकडे जाता येतं, पण हरलो तर काहीशे डॉलरचं शुल्क. ११० डॉलरच्या गोधडीसाठी ते कोण करणार?

कायद्याने ज्याला धाकात ठेवायचं ठरवलं, तो होता बंद फ्रीज खपवून हात वर करणारा दुकानदार आणि त्याच्यामागची फायनान्स कंपनी. तिच्याकडे वकील होते. आज त्याच नियमाच्या दुसऱ्या टोकाला मी आहे, माझ्या ओळखीतली मसाले पाठवणारी कोल्हापूरची मुलगी आहे, आणि आमच्यामागे सुमनकाकू आहेत. मोठे विक्रेते हा तोटा धंद्याचा खर्च म्हणून पचवतात, त्यासाठी माणसं आणि सॉफ्टवेअर ठेवतात. छोट्याला दुहेरी भीती असते. महिन्याला शंभर विक्रीत एखाद्यापेक्षा जास्त तक्रारी झाल्या, तर तो 'जोखमीचा विक्रेता' ठरू शकतो आणि खातंच गोठू शकतं. मी महिन्याला वीस-बावीस गोधड्या पाठवतो. एक तक्रार म्हणजे माझे पाच टक्के झाले.

विक्रेत्याला बोलायची जागाही आक्रसत गेली. ईबेवर एकेकाळी विक्रेते आणि ग्राहक दोघंही एकमेकांबद्दल बरं-वाईट लिहू शकत. २००८ मध्ये विक्रेत्यांचा ग्राहकाला वाईट शेरा देण्याचा हक्क काढून घेतला गेला. कारणही होतं: वाईट शेऱ्याच्या धमकीने काही विक्रेते ग्राहकांची तोंडं बंद करत. प्रत्येक टप्प्यावर कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. म्हणूनच या गोष्टीत खलनायक सापडत नाही, आणि त्याचा मला अजून थोडा रागच आहे.

त्या बाईंनाही मी खलनायिका म्हणत नाही. कदाचित त्यांना खरंच तो डाग वाटला असेल. नव्या कापडाच्या दुकानात वाढलेल्या डोळ्याला उतरलेला रंग डागच दिसणार. मोबाईलवर 'खरेदीबद्दल तक्रार करा' असं बटण होतं, त्यांनी दाबलं. १९७४ च्या माणसाला त्यासाठी पत्र लिहावं लागे, तिकीट लावावं लागे. तेवढ्या वेळात काहींचा राग उतरतही असेल.

*

आजोबांची वही आता माझ्या टेबलावर असते. त्यांच्यासारखाच 'परत' असा रकाना मी माझ्या एक्सेलमध्ये केलाय. गोधडी पाठवण्याआधी चारही कोपऱ्यांचे आणि उलट्या बाजूचे फोटो काढतो, रंग उतरलेला भाग मुद्दाम जवळून दाखवतो, आणि ग्राहकाने 'पाहिलं, चालेल' असं लिहिल्याशिवाय पार्सल बांधत नाही. यात दोन-तीन ऑर्डरी गेल्या. जाऊ देत.

दुसरं म्हणजे, परदेशी गोधडीमागे किंमत सहा डॉलरने वाढवली. ते सहा डॉलर वेगळ्या खात्यात ठेवतो. सराफाने कमी केलेला भाव मी वाढवून घेतो, हिशोब तोच. गेल्या वर्षात त्यातून एक चार्जबॅक भागला, आणि तो ग्राहक बहुधा खराच होता, कारण पार्सल पावसात भिजून पोचलं होतं.

सुमनकाकूंना मी यातलं फारसं सांगितलेलं नाही. मागच्या आठवड्यात त्या विचारत होत्या, "ती अमेरिकेतली गोधडी आली का रं माघारी?" नाही म्हटल्यावर क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, त्या गोधडीच्या अस्तराला त्यांच्या सासूबाईंचं हिरवं लुगडं होतं, तसं आता मिळत नाही, पुढच्याला कुठलं लावू ते सांग. मी दोन फोटो काढले आणि खालच्याला हो म्हटलं.